बेलभंडार

"उचल भंडार आन् सांग, रान माझ्या बाचं हाय म्हनून. मग कुनाची बोलायची छाती न्हाई," आप्पासो म्हणाले.

आप्पासो गावचे पंच. खंडोबाच्या देवळात दगडी खांबाला टेकून बसले होते. गुरवानं बेलाची पानं आणि हळदीचा भंडार ताटलीत घालून ताटली उंबऱ्यावर ठेवली होती. हे ओंजळीत घेऊन जो खोटं बोलेल त्याचा निर्वंश होतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्ञानू पायरीखाली उभा होता. त्याच्या वस्तीतल्या कुणाला आजवर ही पायरी चढू दिली नव्हती. आज मात्र वर ये, वर ये म्हणून आग्रह चालला होता.

"मी उचलनार न्हाई," ज्ञानू म्हणाला. "छप्पन साली दीक्षा घेतली तवाच घरातलं देव कृष्णंत सोडलं आमी. तुमच्या देवाची शपथ मी कशाला घिऊ?"

लालासाहेब मिशीत हसले. सगळं भांडण त्यांच्याशीच होतं. ज्ञानूचा बाप अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं ओढ्याकाठचं रान लालासाहेबांनी वाट्यानं कसायला घेतलं. बाप गेला आणि वाटा यायचा बंद झाला. विचारायला गेल्यावर ते म्हणाले, रान तर तुझ्या बापानं मला विकलंय. सगळा व्यवहार तोंडी. ठरलं तेव्हा ज्ञानूची आई, जाईबाई, तिथं हजर होती, पण तिची साक्ष धरतो कोण! रानाच्या कोपऱ्यात बापाला मूठमाती दिलेली. जाईबाई रोज तिथं जाऊन घटकाभर बसायची. ह्या हंगामात लालासाहेब तिथं नांगर घालून ऊस लावणार होते.

"मास्तर, ह्या भंडाराला तुमच्या इंग्रजीत काय म्हनत्यात?" लालासाहेबांनी खोचकपणे विचारलं.

"सुपरस्टिशन."

ज्ञानू इस्लामपूरला शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि हा शब्द त्याच्या खास आवडीचा. मास्तर लोकांना कुठं थांबावं ते कळत नाही. त्यानं पायरीखालीच वर्ग भरवला.

"रोमचं राज्य हुतं तवा तितलं सरदार ख्रिस्ती लोकांच्या धर्माला सुपरस्टिशन म्हनायचं. मग ख्रिस्ती गादीवर आलं. त्यांनी त्योच शब्द रोमच्या जुन्या देवास्नी लावला. फुडं ख्रिस्त्यांच्यातच दोन तट पडलं, तर ह्यो तट त्या तटाच्या माळंला आन् मूर्तीला सुपरस्टिशन म्हनाया लागला. गादीवर बसंल त्याचा धर्म, आन् खाली हुबा ऱ्हाईल त्याची खुळी समजूत. असा शब्द हाय ह्यो."

"आन् आता गादीवर कोन? तू व्हय रं?"

देवळात हशा पिकला. पण ज्ञानू एक डाव हातचा राखूनच आला होता.

"माझं ऱ्हाऊ द्या. देव तुमचा हाय, तर भंडार तुमीच उचला. रान इकत घेतलंय म्हना. मी आत्ता हितंच रानावर पानी सोडतो."

हसू थांबलं. जाईबाईनं मागून त्याची बाही ओढली. "आरं, काय बोलतुयास?" त्यानं हात झटकला. आईला काय कळतंय! त्याचा हिशेब पक्का होता. लालासाहेबांची भक्ती पंचक्रोशीत गाजलेली. कपाळाला भंडार लावल्याशिवाय ते चहाचा घोट घेत नसत. रविवारी त्यांच्या औताला बैल जुंपला जात नसे. चंपाषष्ठीला देवाची लोखंडी साखळी झटक्यात तोडायचा मान त्यांचा. एकुलता एक नातू नवसाचा, त्याचं जावळ ह्याच उंबऱ्यावर उतरवलेलं. असा माणूस नातवाच्या जिवावर उठून खोटा भंडार उचलेल? छे! सात जन्मांत नाही. ह्यांच्याच खुळानं आज ह्यांचे हातपाय बांधले, म्हणून ज्ञानू मनातल्या मनात खूश झाला.

लालासाहेब उठले. पटका सारखा केला. ताटलीतला बेलभंडार ओंजळीत घेतला आणि मूर्तीकडं तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, "रान मी इकत घेतलंय. खोटं बोलत आसंन तर माझा वंस बुडू दे."

त्यांचे हात थरथरले नाहीत. शब्द अडखळला नाही. तरी ज्ञानू त्या हातांकडं टक लावून बघत राहिला. आता पाय घसरेल, पाल चुकचुकेल, निदान ठसका तरी लागेल. आपण कशाची वाट बघतोय हे ध्यानात आलं, तेव्हा त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"मिटलं," आप्पासो म्हणाले. "रान लालासाहेबांचं." जाईबाई धुळीतच खाली बसली. लोक उठून पायताणं शोधू लागले.

लालासाहेब सावकाश पायऱ्या उतरले. ज्ञानूजवळ आल्यावर थांबले, पिवळे झालेले तळहात धोतराला पुसले आणि त्याच्या एकट्याच्या कानावर जाईल इतक्या हळू म्हणाले,

"मास्तर, ह्यात काय न्हाई हे तुमाला छप्पन साली कळलं. आमच्या घरात चार पिढ्या ठाव हाय. देव ठेवलाय त्यो तुमच्यासाठी."