मामातच्या अंगणातली दुवा

"इंजिन खोलावंच लागेल," गाडीखालून सरपटत बाहेर येत मामात मिस्त्री म्हणाला.

व्हॅनवाल्या तालायने मान हलवली. त्यालाही ते ठाऊकच होतं. व्हॅनचा काटा पाच लाख बारा हजार किलोमीटरवर थकून थांबला, त्याला आता दोन वर्षं झाली होती. कालच्या खेपेला डोलोनच्या घाटात गाडीने इतका निळा धूर सोडला, की उतारू खाली उतरून चालू लागले आणि गाडीच्या आधी वर पोचले. दहा दिवसांत घाटात बर्फ पडणार. तोवर गाडी धड झाली नाही, तर नारिन शहराची खेप दुसऱ्या कुणाला मिळणार आणि तालायच्या घरची चूल थंड होणार.

"नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. नवरीसारखी दिसेल गाडी," मामात म्हणाला.

रोकड नव्हतीच. इंजिनचं काम मामातने करायचं आणि बदल्यात फाटकाला बांधलेली तांबडी घोडी ठेवून घ्यायची, असं ठरलं होतं. घोडी तालायच्या आईची, बुरुलची. बुरुल तिच्या मानेवरून हात फिरवत उभी होती. सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. आई गप्प आहे म्हणजे तिला पटलंय, असं तालायला वाटत होतं. पंचेचाळीस वर्षांचा झाला, तरी पोरगा अजून शिकला नव्हता.

"खोललं की बरं होईलच ना?" शेवटी बुरुलने विचारलं.

"आतलं खोलल्याशिवाय कसं सांगू, मावशी? क्रँकच गेला असला, तर सगळीच बोंब."

"मग घोडी परत?"

"घोडी कशी परत? माझी मेहनत झालीच की!"

बुरुलने नुसतं "हं" केलं आणि हात मागे बांधून अंगणात एक फेरी मारली. कोपऱ्यात ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी होतं. तिने ताडपत्रीचं टोक उचलून आत पाहिलं आणि सोडून दिलं.

आता मामातची एक सवय होती. थोरल्या माणसाची दुवा घेतल्याशिवाय तो बोल्टला पाना लावत नसे. त्याचा त्याला अभिमानही होता. "मावशी," तो अदबीने म्हणाला, "तुम्हीच थोरल्या. द्या दुवा, म्हणजे लागतो कामाला."

बुरुलने दोन्ही तळवे वर धरले. दोघा पुरुषांनीही धरले.

"हे इंजिना," ती संथपणे म्हणू लागली, "देव तुला बळ देवो. तुझ्या मालकाचं घर पोटभर जेवो. आणि मी जिवंत आहे तोवर कुणाचाही पाना तुझ्या पोटाला न लागो. ओमीन."

"ओमीन," दोघे म्हणाले आणि त्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. जन्मभराची सवय ती. काय ऐकलं हे डोक्यात शिरायच्या आधीच हात फिरून गेले होते. तळवे ऑइलने माखलेले, त्यामुळे दोघांचीही तोंडं काळी झाली.

आमच्या कोचकोरात माणूस कागदावरची सही नाकारेल, पण ओमीन म्हटल्यावर मागे फिरणार नाही.

"मावशी, हे काय करून ठेवलंत?"

"तू मागितलीस, मी दिली."

"परत घ्या की!"

"दुवा म्हणजे काय पाना वाटला, पेटीत परत ठेवायला?"

तालायच्या बगलेत तेरा नंबरचा पाना होता. तापल्यासारखा तो त्याने हळूच खाली ठेवला. "आई," तो म्हणाला, "घोडी वाचवलीस. पण मी पोरांना काय खाऊ घालू? दहा दिवसांत बर्फ पडेल गं!"

बुरुलला वाईट वाटलं. तिने त्याच्या काळ्या गालावर हात ठेवला. "तुझी चूल विझवायला आले का मी? गाढव कुठला." मग ती मामातकडे वळली. "त्या ताडपत्रीखाली काय आहे रे?"

मामात ताडपत्रीऐवजी आभाळाकडे बघू लागला. "ते होय? एक जुनं इंजिन. असल्याच एका व्हॅनचं. तिला मागून ट्रकने ठोकलं होतं."

"मागून ठोकलं, म्हणजे इंजिन शाबूत. किती चाललंय?"

"दीड लाख."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारते. गाडीचं इंजिन न खोलता अख्खं बाहेर काढ आणि ते बसव. वसंतात तांबडी वितेय. शिंगरू तुझं."

"तांबडी गाभण आहे?" तालाय चकित झाला.

"तुला गाडीच्या पोटातलं तेवढं कळतं. या मिस्त्रीला विचार. सकाळपासून येता-जाता तिच्या पोटावरून हात फिरवतोय."

मामात लाजला असावा, पण काळ्या तोंडावर ते दिसायला मार्ग नव्हता. त्याने घोडीकडे पाहिलं, बुरुलकडे पाहिलं आणि ताडपत्री ओढून काढली. "बरं," तो म्हणाला. "शिंगरू तर शिंगरू."

बुरुल समाधानाने हसली. त्या दुसऱ्या इंजिनासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने तळवे वर धरले. तालायचेही तळवे आपोआप वर गेले.

मामातने मात्र दोन्ही हात घट्ट खिशात कोंबले.

"मावशी," तो म्हणाला, "आधी सगळी म्हणून दाखवा. हात मी नंतर वर करतो."