मुंग्यांचं पीठ

हेमकांत आप्पा लिंबाच्या मुळाशी उकिडवे बसून मुंग्यांना चारत होते. डाव्या हातात पितळी डबा, डब्यात कणिक, साखर आणि चमचाभर तूप. चिमटी सोडली की बिळातून मुंग्या भराभर वर यायच्या, आणि आप्पांना कसं गार गार वाटायचं. तापीकाठच्या त्यांच्या घरात हे किडियारू, मुंग्यांना पीठ घालायचं व्रत, पणजोबांपासून चालत आलेलं. मुंग्यांच्या तोंडी काही पडल्याशिवाय आप्पा चहाला तोंड लावत नसत.

आज एकादशी, म्हणून त्यांनी हात जरा सैल सोडला होता. लिंबापासून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत, वीस पावलांच्या पायवाटेवर, त्यांनी पिठाची जाड रेघ ओढली होती. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला केळी, आणि मधली वाट मुंग्यांनी काळी झालेली.

आप्पांनी जन्मात साप मारू दिला नव्हता. घरात डासांची अगरबत्तीसुद्धा लावू देत नसत. घरचे रात्रभर खाजवत बसायचे. अशा माणसाच्या उसाभोवती उघडी तार होती आणि तिच्यात मोटारीच्या खोलीतली वीज सोडलेली होती. रानडुकरांनी दोन वर्षं ऊस आडवा केला, तेव्हा आप्पांनी ती ओढून घेतली. संध्याकाळी खोलीतलं बटन चालू, सकाळी बंद. त्यांचा सालदार बाज्या एकदा भीत भीत म्हणाला होता, बॅटरीवरचं झटका मशीन आणा, त्याने जनावर पळतं, मरत नाही. आप्पा हसले होते.

"मन्हं बी तेच शे. डुकरं भ्याले पाहिजेत, मराले नको. मन्हा मनमा पाप नही, बाज्या. मग माले पाप कसं लागी?"

एवढ्या निर्मळ मनापुढे सालदार काय बोलणार? त्यानंतर तारेला दोन डुकरं चिकटून मेली. दोन्ही वेळा आप्पांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि मुंग्यांना दुप्पट पीठ घातलं. देव भावाचा भुकेला, असं ते म्हणत. डुकरांना तेवढा भाव कळला नाही.

आधी मुंग्या, मग बटन, मग चहा, हा आप्पांचा नेम. बाज्याच्या बायकोलाही तो ठाऊक होता. बांधावरचं गवत खुशाल नेत जा, विचारायचंसुद्धा नाही, असं आप्पांनीच रमिलाबाईला सांगून ठेवलं होतं, आणि ती रोज त्यांचा चहा झाल्यावरच यायची. पण आज पहाटे तिची शेळी व्यायली होती. विळा घेऊन ती अर्धा तास आधीच आली. आप्पांनी तिला हाक मारून पिलं किती झाली ते विचारलं. दोन म्हणाली. दोन्ही जगतील, असा आप्पांनी आशीर्वाद दिला. मालक इतकं निवांत बोलतोय म्हणजे बटन बंदच असणार, असं समजून ती बांधाकडे गेली.

आता उठून बटन बंद करावं, असं आप्पांच्या मनात आलं होतं. अगदी खरंच आलं होतं. एवढं एक बीळ झालं की उठू, असं ते मनाशी म्हणाले.

मग उसापलीकडून बाज्याचा आवाज आला.

"आप्पा, बटन! बटन बंद करा!"

हातातला डबा टाकून आप्पा उठले. साठी उलटलेला माणूस, पण धोतर सावरत, अनवाणीच, जीव खाऊन पळाले. तिकडे बाज्या बायकोपासून दोन हातांवर उभा होता. तिची मूठ तारेवर आवळलेली, अंग थरथरत होतं. हात लावला तर दोघं जाणार, हे त्याला कळत होतं. वाळकी काठी शोधत तो भिरीभिरी फिरला. चहूकडे नुसता रसरशीत ओला ऊस. तो तिच्या नावाने हाका मारत राहिला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या हाकेला तिची मान कलली होती. त्यानंतर कुठे तार मेली आणि रमिलाबाई गवतावर पडली.

नऊ वाजेपर्यंत गाव जमलं. हवालदार पंचनामा लिहू लागला आणि ज्याने त्याने एकच सांगितलं, की हा माणूस मुंगीला दुखवत नाही, याच्या मनात पाप असणं शक्य नाही. आप्पा ढसाढसा रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. मी जिवाच्या आकांताने पळालो हो, पण देवाने यश दिलं नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनी बाज्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाज्या त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो केळीतल्या ओल्या पाटाकडे पाहत होता. तिथे अनवाणी पावलं ताजी उमटली होती. लिंबापासून पाटात उतरलेली, केळीच्या ओळींना लांब वळसा घालून खोलीच्या मागच्या अंगाने दारापर्यंत गेलेली. समोरच्या वीस पावलांच्या वाटेवर, पिठावर एकही पाऊल पडलेलं नव्हतं.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही सरळ का बरं नही गयात?"

आप्पांना आधी प्रश्नच कळला नाही. आपण वळलो कधी, हे त्यांना आठवेना. साठ वर्षांची सवय, पाय आपसूक वळले असणार. त्यांनी वाटेकडे पाहिलं. पिठाची रेघ जशीच्या तशी होती. मुंग्या साखरेचे कण डोक्यावर घेऊन बिळांकडे निघाल्या होत्या, आणि त्यांतली एकही मेली नव्हती.