दारामागचं गाठोडं

बूगनव्हिल बेट स्वतंत्र व्हावं, असं मत मी तीन दिवस उपास करून दिलं. तरी मीठ, काडेपेटी नि पातेलं बांधलेलं गाठोडं दारामागे ठेवलं. मागच्या स्वातंत्र्याच्या लढाईत सरकारी फौजेच्या वेढ्यामुळे मीठही मिळत नव्हतं. जंगलात लपून राहिलो, तिथे माझी धाकटी लेक औषधाविना गेली. सार्वमताच्या निकालाच्या दिवशी रेडिओवर ‘स्वातंत्र्य’ ऐकू आलं आणि बाहेर धडाम् झालं. नातीला नि गाठोड्याला कवटाळून मी जंगलाकडे धावले. “ताई, थांब! फौज नाही, मीच आनंदात बांबूच्या नळकांड्याची तोफ उडवली!” मागून, त्या लढाईत लढलेला माझा भाऊ ओरडला. “मेल्या, बंदूक सोडलीस, पण खोड नाही गेली!” “तू तरी अजून माझ्याआधीच पळतेस की!” मी वाटेतच मटकन बसले, देवाचं नाव घेतलं नि हसत सुटले. गाठोड्यातलं सगळं मीठ गावजेवणात ओतलं. रताळी खारट झाली, तरी सगळ्यांनी पुन्हा मागून घेतली.