सराफ पेठेतला दगड

पहार दगडाखाली गेली, तेवढ्यात गंगाधर मास्तर "थांबा" म्हणाले. ते इतकं हळू, की त्यांना स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही. तरी मुकादम वीरभद्रप्पा थांबला. मास्तरांनीच त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती.

"साहेबांचा कागद हाय, मास्तर. रस्ता रुंद करायचाय. जे वापरात हाय ते ठेवा, न्हाय ते काढा. हौद वापरात हाय, लिंबाचा पार हाय. ह्यो दगड कशाचा?"

मास्तरांनी काखेतली वही उघडली. पेन्शनीची अकरा वर्षं ते सोलापूरच्या या पेठेचा इतिहास लिहीत होते. कोणत्या पेढीची हुंडी काशीपर्यंत चालायची, कोणत्या ओट्यावर रुपया वाजवून पारखायचे, सगळं होतं. प्रत्येक नोंदीखाली लिहिलेलं असे, 'माहिती कोणाकडून'. दगडाच्या नोंदीखाली तेवढी जागा कोरी होती. ती नोंद मास्तरांनी अंदाजानेच केली होती. इतक्या उंच दगडावर पगडीवाले सराफ चढत कसे, ही शंका त्यांना अजून छळत होती.

त्यांनी घसा खाकरून वाचलं, "या शिळेवर उभे राहून सोन्याचा भाव पुकारीत. ही चाल साठ वर्षांपूर्वी बंद पडली."

"म्हंजे आता वापरात न्हाय," वीरभद्रप्पा म्हणाला. "तुमीच लिवलंय की."

मास्तरांचे कान तापले. वाचवायला आले होते, आणि स्वतःच्याच तोंडाने दगडाला मूठमाती देऊन बसले.

"मास्तर, सरा जरा."

हमालीण फुलाबाई होती. डोक्यावर सुताचं भलं मोठं गाठोडं. तिने गुडघे किंचित वाकवले, मान कलती केली आणि गाठोडं अलगद दगडावर सरकवलं. असं करताना मास्तरांनी तिला शेकडो वेळा पाहिलं होतं. दर वेळी वाटायचं, इतिहासाच्या दगडावर हे कसलं ओझं.

पदराने मान पुसताना तिला पहार दिसली.

"ह्यो काढताय? मग ठेसनापासनं हातमागवाल्यांपतोर एका दमात कोण जाणार, तू? खाली ठिवलं तर परत डोक्यावर कोण देतंय?"

मास्तरांनी चाचरत विचारलं, "फुलाबाई, हा त्याचसाठी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? माझ्या सासूनं हितंच टेकवलं, तिच्या सासूनं बी. बरुबर डोक्याएवढा हाय की. पगडीवाल्याच्या काय कामाचा?"

वीरभद्रप्पाने पहार ओढून काढली. कागदावर खूण केली. "वापरात हाय," तो म्हणाला, आणि माणसं घेऊन पुढे गेला.

मास्तर दगडापाशी गेले. मग म्हणाले, "फुलाबाई, गाठोडं जरा सरकवता?"

मोकळ्या झालेल्या कोपऱ्यावर त्यांनी वही टेकवली. सोन्याच्या भावाच्या नोंदीवर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, 'ओझं टेकवायचा दगड'. आणि अकरा वर्षं कोरी राहिलेली जागा उभ्या उभ्याच भरली: 'फुलाबाई, हमाल.'