डाव्या जबड्याखाली

ड्रिल बंद.

पडदे ओढलेले. खोलीत एकच लाल बल्ब. उजेड लागला की मातीचं वय चुकतं, असं प्रयोगशाळेतल्या बाईंनी आल्या आल्याच सांगितलं होतं. भर दुपारी भिंतीवरची चौतीस निसर्गचित्रं एकाच रंगाची होऊन गेली होती. गावाची नदी, गावामागच्या टेकड्या. डॉक्टरांनी जन्मभर हिंडून जमवलेली.

टेबलावर, उशीवर, भाजलेल्या मातीचं एक डोकं. आफ्रिकेतलं. डॉक्टरांच्या मते दोन हजार वर्षांचं. शेजारी तिथल्या एका देशातून आलेलं पत्र आणि पत्रासोबतचा फोटो: गुडघ्यांवर हात ठेवून बसलेलं मातीचं धड, मानेच्या वर काही नाही. डोकं जुनं ठरलं तर ते चोरून उकरलेलं, म्हणून परत द्यायचं. नकली ठरलं तर घरातच राहील. डॉक्टरांनी तशी सही दिली होती.

"भोकं कुठे पाडू?" बाईंनी विचारलं. "दोन लागतील. भुगा चिमूटभरच घेते."

"दोन्ही इथेच," डॉक्टर म्हणाले. "डाव्या जबड्याखाली. दिसायची नाहीत."

दारात उभी असलेली त्यांची बायको एक पाऊल आत आली.

ड्रिल चालू.

बाईंनी हवेतच एकदा फिरवून पाहिलं. घूंऽऽ. हा आवाज या घराला नवा नव्हता. डॉक्टर दातांचे; पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं?

डावा जबडा. नेमका डावा! अकरा वर्षांपूर्वी डॉक्टर परगावी गेले होते आणि धूळ पुसता पुसता डोकं बायकोच्या हातून निसटलं. तेवढ्या भागाचा चुरा झाला. तिने नदीकाठची माती आणली, मातीकामाच्या वर्गात तुकडा घडवला, भाजला, चहाच्या पाण्याने जुना केला, बेमालूम चिकटवला. आजवर कुणाला पत्ता लागू दिला नाही.

आता त्या तुकड्याचं वय अकरा निघणार. आणि हसं नवऱ्याचं होणार.

"अहो, जरा आत या."

"आत्ता?"

"आत्ताच."

ड्रिल बंद.

स्वयंपाकघर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने नळ सोडला.

"अहो, तो जबडा... तुम्ही नव्हता तेव्हा माझ्या हातून..."

"पडला. माहितीये."

"कधी कळलं?"

"आलो त्याच संध्याकाळी. पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतोय मी. मूळचं काय आणि भरलेलं काय, मला कळणार नाही? काम मात्र झकास केलंस. माझ्या असिस्टंटला जमलं नसतं."

"अकरा वर्षं बोलला नाहीत!"

"तू तरी कुठे बोललीस?"

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तुम्ही मुद्दाम तिथे..."

"नकली असल्याचा कागद हातात आला की सुटलो. नकली वस्तू कोण परत मागतंय?"

"लोक म्हणतील, डॉक्टरांना कुणीतरी गंडवलं."

"म्हणू देत." त्यांचा आवाज खाली आला. "सकाळी उठलो की आधी त्याचं तोंड बघतो मी. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. माझं नंतर बघता."

"चेष्टा नको."

"अहो, तिकडे त्याचं धड बसलंय."

"बसू दे." त्यांनी नळ बंद केला. "तू बोलायचं नाहीस. एवढं एक माझ्यासाठी."

ड्रिल चालू.

टोक जबड्याला टेकायच्या बेतात होतं. डॉक्टर बायकोकडे बघत नव्हते.

"थांबा," ती म्हणाली. ड्रिलच्या आवाजात ते विरून गेलं. पुन्हा म्हणाली, "बाई, थांबा! तिथे नको. तिथे आपल्या नदीची माती आहे. मीच बसवलीये. बाकीची तिकडची आहे, तिथून घ्या."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. डॉक्टरांच्या कानशिलावरची शीर उडत होती. ड्रिल आपलं रिकामंच फिरत राहिलं.

"मग मानेच्या आतून घेते," शेवटी बाई म्हणाल्या. "पण डोकं हलेल. कुणीतरी धरायला हवं."

बायको पुढे झाली.

"तू नको," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा पाडशील."

त्यांनी स्टूल ओढलं. बाह्या सरसावल्या. डावा तळवा हनुवटीखाली नेला, अंगठा ओठाच्या कडेला ठेवला आणि मान बाईंच्या बाजूला हलकेच कलती केली.

टोक मानेत शिरलं. बारीक भुगा गळू लागला.

"झालंच," डॉक्टर हळूच म्हणाले. "झालंच हं."