आयर्लंडची तालीम

“चल लवकर, बस सुटेल.” शैलजाताई बूट घालून दारात उभ्या होत्या.

गार्गीच्या मांडीवर तीन महिन्यांची नुपूर नुकतीच झोपली होती. कुडत्यावर दुधाचा डाग, केसांना परवापासून कंगवा नाही.

“कसली बस, आई?”

“टूरची. ग्रुप टूरमध्ये कुणी कुणासाठी थांबत नसतं. बाबागाडीत ठेव तिला, झोपेल तिथेच.”

गार्गीला बाहेरच्या चपला सापडेनात. शेवटच्या कधी घातल्या तेही आठवेना.

शैलजाताईंची आयर्लंडची टूर मे महिन्यात होती. नाशिकच्या शाळेत भूगोल शिकवताना नकाशातला तो हिरवा तुकडा त्यांनी वर्षानुवर्षं पट्टीच्या टोकानं पोरांना दाखवला होता. “हिरवंच बघायचं तर इगतपुरीला जा,” असं गार्गीचे सासरे त्यांना म्हणायचे. सासरे गेले, ताई निवृत्त झाल्या, आणि त्यांनी कुणालाही न विचारता बुकिंग केलं. सुनेच्या बाळंतपणाला दोह्यात आल्या, त्या आयर्लंड डोक्यात घेऊनच.

अडचण होती ती गुडघ्यांची. टूरवर रोज बरंच चालावं लागतं. धवलनं आईला बजावलं होतं, मार्चअखेरपर्यंत चालणं जमलं नाही तर जायचं नाही. जमतंय की नाही ते गार्गीनं सांगायचं. म्हणून हा सराव, आणि सरावाला गाईड पाहिजे म्हणून गार्गी.

पहिल्या संध्याकाळी दोह्यातल्या मुशैरिब भागाचं डब्लिन झालं.

“सांग माहिती,” ट्रामजवळ उभं राहून ताई म्हणाल्या.

“मला काय माहीत?”

“मोबाइल कशाला घेतलाय मग? गाईड गप्प राहिली तर लोक तक्रार करतात.”

गार्गीनं दात-ओठ खात वाचलं. “डब्लिन शहर लिफी नदीच्या काठी वसलेलं आहे.”

“नदी कुठाय?”

“ट्रामलाच नदी समजा, आई.”

सूक वाकिफ या जुन्या बाजाराचं गॉलवे शहर झालं. तिथे ताई मसाल्याच्या दुकानापाशी मुद्दाम मागे राहायच्या आणि गाईडनं शोधायला यावं म्हणून वाट बघायच्या. गार्गी बाबागाडी ढकलत, गाईडची खूण म्हणून छत्री उंच धरून गर्दीतून मागे यायची. लोक बघायचे. मग ताईंना चीज घातलेली गरम रोटी हवी असायची, आणि तीही गाईडनं आधी खाल्ल्याशिवाय त्या तोंडात घालत नसत.

“मला भूक नाहीये.”

“गाईडचा आवाज बसला तर ग्रुपनं काय करायचं? खा.”

धवल घरी आला की गार्गी त्याच्यावर उखडायची. “अरे, तुझ्या आईला आवर घाल. मला धड अंघोळीला वेळ मिळत नाही आणि मी छत्री नाचवत सूकमध्ये फिरतेय.”

“मग तिला एकटीला पाठव.”

“एकटीला? परवा मेट्रोत उलट्या दिशेला बसत होत्या.”

“झेपत नसेल तर सांग,” लॅपटॉपमधून मान न काढता धवल म्हणाला. “टूर रद्द करायला सांगतो तिला.”

“रद्द कशाला? आयुष्यभर वाट बघितलीय त्यांनी. मी नुसतं सांगतेय.”

आयर्लंडचे मोहेरचे कडे कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, पार पडले. वारा सुटला होता. गार्गी कड्यांची उंची वाचत असताना बाबागाडी उतारावरून घरंगळली. तिच्या लक्षात येईपर्यंत शैलजाताई धावत जाऊन गाडी धरून उभ्याही होत्या.

“आई, गुडघे?”

“सरावानं सुटले असतील,” ताई म्हणाल्या, आणि पुढच्या बाकावर बसून नेहमीपेक्षा जास्त कण्हल्या.

गवताची बाग हवी म्हणून ॲस्पायर पार्क झालं. तिथे मेंढ्या नाहीत म्हणून कुरकुर झाली. गार्गीनं दूरवर लोळत पडलेल्या शाळेच्या सहलीकडे बोट दाखवलं. “त्या बघा. लोकर नुकतीच कापलीय.” ताई इतक्या हसल्या की नुपूर दचकून जागी झाली. मग गार्गीलाही हसू आवरेना.

सगळ्या दिवसाची घडीच विस्कटली होती. ऊन उतरलं का ते बघायला गार्गी दुपारीच पडदे सरकवायची. बस चुकू नये म्हणून अंघोळ सकाळीच उरकायची. बाळाला पाजताना मोबाइलवर आयर्लंडचे राजे, बटाटे, दलदली वाचत बसायची, कारण माहिती कमी पडली की ताई सगळ्यांदेखत टोमणा मारायच्या. वैताग होता नुसता.

मार्च संपताना ताई सूकपासून कॉर्निशच्या पार टोकापर्यंत एकदाही न टेकता चालल्या. घामाघूम झालेल्या गार्गीनं तिथूनच धवलला फोन लावला. “जमतंय. जाऊ दे त्यांना.”

दुसऱ्या दिवशी ताई बाळाला तेल लावत होत्या. गार्गी फोन घेऊन हळूच बाल्कनीत गेली. मागच्या सीटवर ताईंना मळमळतं, आणि त्या स्वतःहून पुढची सीट कधी मागायच्या नाहीत. तिनं नाशिकला टूरच्या ऑफिसला फोन लावला. नीता नावाच्या मुलीनं उचलला.

“शैलजा गायधनींच्या घरून बोलतेय, दोह्याहून. मे महिन्याची आयर्लंड टूर. त्यांना पुढची सीट मिळेल का?”

“गायधनी मॅडम?” नीता थबकली. “अहो, त्यांनी तर जानेवारीतच नाव काढून घेतलं. मीच बोलले होते त्यांच्याशी. किती समजावलं मी, की एवढ्या हौसेनं केलंय, थोडं थांबा. ऐकेचनात.”

“का पण?”

“घरी आजारपण आहे म्हणाल्या. सून बाळंतपणापासून नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, खात नाही, बोलत नाही.” नीताचा आवाज जरा खाली आला. “आता पडते का हो बाहेर त्यांची सून?”