दुसरा गाल

साडीवरचा हळदीचा डाग गंगाबाईंनी साबणानं घासला आणि तो लालभडक झाला.

त्यांच्या हातातला साबण बादलीत पडला. उद्या हीच पांढरी साडी नेसून त्यांची भाची दर्शना लग्नाला उभी राहणार होती. पहिली हळद आत्यानंच लावायची, हा दर्शनाचा हट्ट. एका गालाला लावून होते न होते तोच साडी आली. गंगाबाईंनी कौतुकानं पदर हातात घेतला. बोटं पुसायची राहून गेली, एवढंच.

मोरीच्या दारात छायाकाकू उभ्या होत्या. "तरी मी म्हटलेलं, पहिली हळद सवाशिणीनं लावावी."

"काकू, आपण असलं मानत नाय," दर्शना म्हणाली. एक गाल पिवळा तसाच ठेवून ती धावत आली होती.

"मानत नाय गं. पण रंग बघ ना."

धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा काकूंना तोंडपाठ होत्या. पण तोंडपाठ असणं वेगळं आणि असला लाल डाग डोळ्यांनी बघणं वेगळं.

नवरा गेल्यापासून गंगाबाई कुणाच्या कार्यात पुढं झाल्या नव्हत्या. "मी उद्या घरीच थांबते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

दर्शना मात्र डागाकडं टक लावून बघत होती. साजगावच्या एका कारखान्यात ती सांडपाणी तपासायची. पाणी आंबट निघालं की त्यात चुना टाकायचा, हे तिचं रोजचंच काम. तिनं हळदीनं माखलेला टॉवेल ओढला आणि साबण काकूंपुढं धरला.

"यावर तुमी घासा."

"मी कशाला?"

"घासा तर!"

काकूंनी घासलं. टॉवेलही लाल झाला. काकूंनी हात असा झटकला की बांगड्या वाजल्या.

गंगाबाई पुढं वाकल्या. "अगं, छायाच्या हातानंपण होतंय!"

"कुणाच्याबी हातानं होतं, आत्या. साबणात खार हाय. खार लागला की हळद लाल." दर्शनानं लिंबू कापून अर्धं त्यांच्या हातात दिलं. "आता पीळ."

गंगाबाईंनी भीत भीत साडीवरच्या डागावर पिळलं. कडेकडेनं लाल ओसरून पिवळा रंग परत आला.

"खार गेला कुठं गं?"

"आंबटानं त्याला संपवलं, त्यानं आंबटाला. मागं उरलं मीठ नि पाणी."

"मीठ? कालवणातलं?"

"त्याचंच भावंड."

गंगाबाईंना आता राहवेना. त्यांनी टॉवेलावर लिंबू पिळलं, पुन्हा साबण लावला, पुन्हा लिंबू. दर्शनानं साडी खळबळून धुतली. डाग फिकट पिवळा उरला होता. तो उन्हात जाईल म्हणत तिनं साडी अंगणातल्या दोरीवर टाकली.

छायाकाकू आत गेल्या आणि हळदीची वाटी घेऊन आल्या.

"वन्सं, पोरीचा दुसरा गाल राहिलाय," त्या म्हणाल्या. "आधी साबणाचा हात धुवा नीट, नायतर तिथंपण लाल व्हायची."